नांदी आणि नांदणं

वर्तमानपत्र उघडलं की आठवड्यातून एकदा तरी ‘नांदी’ हा शब्द भेटतो. ‘ही तर महागाईची नांदी’, ‘ही युतीतल्या भांडणाची नांदी’, ‘ही दंगलीची नांदी’. काहीतरी वाईट येऊ घातलं आहे, एवढाच अर्थ आता या शब्दात उरला आहे की काय, असं वाटतं. मला मात्र हा शब्द ऐकला की ऑर्गनचा सूर ऐकू येतो, धुपाचा वास येतो आणि कोल्हापूरच्या थिएटरचा बंद पडदा डोळ्यांसमोर उभा राहतो. आज त्याच नांदीबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी कागलचा. अब्बांचं शिलाईचं छोटं दुकान होतं. मशीनच्या वर फळी आणि फळीवर रेडिओ. सांगली केंद्र लावलेलं असायचं. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात आणि गल्लीत कागलची मराठी. नाट्यसंगीत सुरू झालं की अब्बांचे पाय मशीनवर त्या लयीत पडायचे. गाणं विलंबित असलं की गिऱ्हाइकाचा सदरा उशिरा तयार व्हायचा. माझी मराठी शाळेत सुरू झाली खरी, पण तिचा कान मला त्या फळीखाली बसून मिळाला. गाण्याआधी निवेदक सांगायचे, ‘आता ऐकू या नांदी.’ नांदी म्हणजे काय, हे मात्र तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं 1985 च्या सुमारास. मी नववीत होतो. आमच्या मराठीच्या सरांनी आठ-दहा पोरांना ‘मानापमान’ दाखवायला कोल्हापूरला न्यायचं ठरवलं. कागल ते कोल्हापूर अंतर ते किती, वीसेक किलोमीटर. पण नेमकी त्याच दिवशी एसटी वाटेत पंक्चर झाली. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा उशीर झाला होता. सरांनी आम्हाला रिक्षांत दाटीवाटीनं कोंबलं आणि खासबागेजवळ उतरल्यावर धोतर सावरत स्वतःच पळायला लागले. ‘पळा रे पोरांनो, नांदी चुकेल!’ मी धापा टाकत विचारलं, ‘सर, एक गाणं चुकलं तर काय हुतंय?’ सर न थांबता म्हणाले, ‘लग्नाला जायचं आणि अक्षता चुकवायच्या, त्यातला प्रकार आहे हा!’

आम्ही पोचलो आणि तिसरी घंटा झाली. दिवे मंद झाले. पडद्यामागून ऑर्गनचा लांब सूर आला, त्याला तबल्याची थाप मिळाली आणि पडदा वर गेला. सगळे नट हात जोडून एका रांगेत उभे. पुढं ज्यांचं एकमेकांशी भांडण होणार, ज्यांचा मान होणार आणि ज्यांचा अपमान होणार, ते सारे एका सुरात गात होते. प्रेक्षागृहात तोवर चाललेली कुजबुज, खुर्च्यांची करकर, पोरांची रडारड, सगळं शांत झालं. त्या पाच मिनिटांत हजारभर माणसांचा एक प्रेक्षक झाला. नाटकाची गोष्ट मला पुढं विसरायला झाली. ती पाच मिनिटं विसरलो नाही.

नांदी आपल्याकडं फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकाआधी ‘पूर्वरंग’ सांगितला आहे. त्याची 19 अंगं आहेत आणि त्यातली पहिली 9 पडद्याआड होतात. वाद्यं मांडायची, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आपापल्या जागी बसायचं, वाद्यं जुळवून घ्यायची, गळा तापवायचा, हेसुद्धा शास्त्रकारांनी नाटकाचाच भाग धरलं. त्यानंतर पडदा दूर झाल्यावर जी अंगं येतात, त्यांत नांदी. तिच्यात देवाची स्तुती असते आणि आशीर्वाद असतो. देशाचं भलं व्हावं, राजा नीट वागावा, बघायला आलेल्यांचं कल्याण व्हावं, असं मागणं असतं. जाणकारांनी पुढं आणखी एक अपेक्षा जोडली : चांगल्या नांदीत येणाऱ्या कथेचं बीज लपलेलं असावं. जो कान देऊन ऐकेल त्याला ते सापडावं.

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण 1843 पासून मोजतो. त्या वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या खेळांत आधी सूत्रधार यायचा, मग गणपती, मग सरस्वती. गणपतीला वंदन झाल्याशिवाय राक्षसांना रंगमंचावर येऊन आरडाओरडा करता येत नसे. पण नांदीला आज आपण ओळखतो ते रूप दिलं अण्णासाहेब किर्लोस्करांनी. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. स्वतः किर्लोस्कर सूत्रधार होऊन उभे राहिले आणि शंकराला वंदन करणारं पद सुरू झालं. कालिदासाच्या संस्कृत नांदीतही शंकरच आहे. किर्लोस्करांनी तो मराठीत आणताना गाता येईल, सगळ्यांना तोंडपाठ होईल असा आणला. कीर्तनाची चाल, लावणीची चाल, कानडी पदांची चाल, जे जे कानाला गोड लागलं ते त्यांनी या नाटकात घेतलं.

आणि इथं एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण ती आपण सहसा सांगत नाही. किर्लोस्करांना संगीत नाटक करायची उमेद कशी आली? पुण्यात एका पारशी नाटक मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ आला होता, तो पाहून असं मराठीत का होऊ नये हे त्यांच्या मनानं घेतलं, असं सांगितलं जातं. ही ‘इंद्रसभा’ लिहिली होती लखनौच्या आगा हसन अमानत या उर्दू शायरानं, 1853 च्या सुमारास, वाजिद अली शाहच्या अमदानीत. इंद्र हिंदूंचा, लिहिणारा मुसलमान, खेळ करणारे पारशी, पाहणारा चित्पावनी पुण्यात आलेला धारवाडकडचा कऱ्हाडा ब्राह्मण, आणि त्यातून निघालं काय, तर मराठी संगीत नाटक. आपली नांदी कुणाकुणाच्या हातून आली, याचा हिशेब करायला बसलं तर तो असा लांबतो.

आता थोडं दूर जाऊ. युरोपातही नांदी होती. तिला तिकडं ‘ओव्हर्चर’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ सरळ आहे : उघडणं. पडदा उघडण्याआधी सगळा वाद्यवृंद मिळून जे वाजवतो ते. पाश्चात्त्य संगीतातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण एका मित्रानं एकदा बेथोव्हेनच्या ‘एग्मोंट’ची कॅसेट दिली आणि तिनं मला नांदीकडं नव्यानं पाहायला लावलं.

‘एग्मोंट’ हे गटे या जर्मन महाकवीचं नाटक. नेदरलँड्सवर स्पेनचं राज्य असताना तिथल्या जनतेच्या बाजूनं उभा राहिलेला सरदार एग्मोंट याला 1568 मध्ये ब्रसेल्समध्ये मारलं गेलं, त्याची ही गोष्ट. व्हिएन्नाच्या नाटकगृहानं या नाटकासाठी बेथोव्हेनकडून संगीत करून घेतलं. 1809 मध्ये नेपोलियनचं सैन्य व्हिएन्नात शिरलं होतं, हे ध्यानात घेतलं म्हणजे परक्या राज्याविरुद्धच्या नाटकाला तिथं काय अर्थ असेल ते समजतं. 1810 च्या जूनमध्ये नाटक त्या संगीतासह झालं. त्याची ही नांदी आठ-नऊ मिनिटांची. आधी जड पावलांसारखे सूर येतात, जुलमी राज्याचे. मग झटापट. मग एकदम शांतता. आणि त्या शांततेतून एक उजळ, धावती, विजयाची धून उसळते. नाटकात हीच धून पुन्हा येते ती अगदी शेवटी, एग्मोंट मरणाला सामोरा जातो तेव्हा. म्हणजे नायक मरणार, पण ज्यासाठी तो मरतो ते मरणार नाही, हे पडदा उघडण्याआधीच सांगून झालेलं असतं. आपल्या शास्त्रकारांनी सांगितलेलं कथेचं बीज ते हेच. त्या दोन जगांची गाठ पडली नव्हती, तरी दोघांना एकच गोष्ट सुचली होती.

दुसरी गंमत अशी, की गटेचं नाटक आज फारसं होत नाही, बेथोव्हेनची नांदी मात्र जगभर वाजते. शूबर्टचं तर याहून अजब. त्यानं 1820 मध्ये ‘जादूची हार्प’ अशा नावाच्या नाटकासाठी एक ओव्हर्चर लिहिलं. ते नाटक लोक विसरून गेले. 1823 मध्ये त्यानं ‘रोझामुंडे’ या दुसऱ्या नाटकाला संगीत दिलं. त्याचे दोनच प्रयोग झाले आणि तेही पडलं. पण त्या पहिल्या नाटकाची नांदी या दुसऱ्या नाटकाच्या नावानं जगली. आज ‘रोझामुंडे’ म्हणून जे ओव्हर्चर वाजतं ते मुळात ‘जादूच्या हार्प’चं. घर पडलं, शेजारचंही घर पडलं, पण दाराची चौकट तेवढी उभी राहिली. पुढं पुढं तर तिकडचे संगीतकार नाटकाविनाच ओव्हर्चर लिहायला लागले. मेंडेल्सननं 1826 मध्ये, वयाच्या अवघ्या 17 व्या वर्षी, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वर ओव्हर्चर लिहिलं, नाटकासाठीचं बाकीचं संगीत त्यानं केलं ते 16 वर्षांनी.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो कार्ल गोल्डमार्क. कालिदासाचं ‘शाकुंतल’ 1789 मध्ये विल्यम जोन्सनं इंग्रजीत नेलं आणि 1791 मध्ये ते जर्मनीत पोचलं. गटे त्यावर इतका लुब्ध झाला, की त्याच्या ‘फाउस्ट’च्या आरंभी नाटक मंडळीचा मालक, कवी आणि विदूषक बोलत बसतात ती कल्पना त्याला सूत्रधार-नटीच्या संवादावरून सुचली असं मानलं जातं. आणि 1865 मध्ये व्हिएन्नात गोल्डमार्कचं ‘शाकुंतला’ ओव्हर्चर वाजलं. पुण्यात किर्लोस्करांची नांदी झाली त्याच्या 15 वर्षं आधी! हा गोल्डमार्क हंगेरीतल्या ज्यू कुटुंबातला. त्याचे वडील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गायचे. कण्वाच्या आश्रमातल्या शकुंतलेसाठी व्हिएन्नात सूर लावावेत असं त्या मुलाला वाटलं, आणि त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुझा या शकुंतलेशी संबंध काय?

आता परत कोल्हापूरला येऊ. आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला, हे आम्हा कागलकरांना दर दोन वाक्यांनी सांगावंसं वाटतं. तेव्हा माफ करा. 1902 मध्ये महाराज विलायतेला गेले होते. तिथली नाटकगृहं, रोममधलं प्राचीन क्रीडागार पाहून आले. त्यातून कुस्तीसाठी खासबाग मैदान झालं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर. थिएटरचं बांधकाम 1913 मध्ये सुरू झालं आणि 1915 मध्ये ते उघडलं. एका भिंतीच्या अलीकडं शड्डूचा आवाज, पलीकडं ऑर्गनचा. मल्ल आणि नट अशी शेजारी राहणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

कोल्हापूरनं मराठी नांदीला माणसं किती दिली पाहा. गोविंदराव टेंबे 1881 मध्ये कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मले. पेटी हाताला लागली आणि ती त्यांनी अशी बोलती केली, की भास्करबुवा बखल्यांसारखे गायक त्यांना साथीला घेऊ लागले. 12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळीनं मुंबईत खाडिलकरांचं ‘मानापमान’ केलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. पूरबेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग त्यांनी मराठी पदांना दिला. त्या दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली, तरीही त्यांनी प्रयोग थांबवू दिला नाही, ही हकीकत मराठी घराघरांत सांगितली जाते. म्हणजे त्या नाटकाची पहिली नांदी झाली तेव्हा पडद्याआड एक बाप उभा होता. नांदी शुभ असते म्हणतात. ते शुभ किती जड हातांनी उचललेलं असतं, ते अशा वेळी कळतं.

केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म 9 ऑगस्ट 1890. लहानपणी ‘शारदा’त उभे राहिले आणि 1908 मध्ये हुबळीला त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन मंडळ्या, दोन चाहतेवर्ग, दोघांत चुरस. पण प्रयोग एक, म्हणून नांदीही एकच. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव विषमज्वरानं गेले. वय अवघं 31. स्वातंत्र्यानंतर पॅलेस थिएटरला त्यांचंच नाव मिळालं.

आणि याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबार गायक म्हणून मान दिला. जयपूर-अत्रौली गायकीचा तो महामेरू इथं वर्षानुवर्षं राहिला. खाँसाहेबांचे शिष्य भास्करबुवा बखले. बुवांनी त्याआधी बडोद्याच्या फैज महंमद खाँ आणि आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांच्याकडं तालीम घेतली होती. याच बुवांनी 1916 मध्ये ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. रुक्मिणीच्या तोंडी जे राग गेले ते तीन मुसलमान उस्तादांच्या घरातून आले. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत पुढं तबल्यावर अहमदजान थिरकवा बसले आणि सारंगीवर कादरबक्ष. तिसरी घंटा होऊन शंकराचं, नारायणाचं, गजाननाचं स्तवन सुरू व्हायचं, तेव्हा हात थिरकवांचे आणि गज कादरबक्षांचा. त्या काळच्या प्रेक्षकाला यात काही जगावेगळं वाटल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. त्याला सूर बरोबर लागल्याशी मतलब होता.

हे थिएटरातलं झालं. गावातल्या मोकळ्या आभाळाखालची नांदी म्हणजे तमाशातला गण. आमच्या कागलला गैबी पीर आहे. चौकाला त्याचंच नाव, उरूस सगळ्या गावाचा. लहानपणी उरुसात ढोलकीचा फड पाहिला. आधी ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी. ती ऐकून लांबची माणसं झपाझप चालायला लागायची. ते आमचं ओव्हर्चर. मग तुणतुणं लागायचं आणि गण सुरू व्हायचा. पिराच्या उरुसात गणपतीचं नमन व्हायचं, आणि समोर टोपीवाले, फेटेवाले, तालमीतले, सगळे मांडी घालून बसलेले. आमच्याच गावच्या आनंद यादवांनी ‘नटरंग’मध्ये या तमाशाच्या जगाचं दुःख लिहिलं. आणि पेशवाईच्या अखेरीस जेजुरीचा सगनभाऊ, शिकलगार मुसलमान, शाहिरीत मोठ्या मोठ्यांशी टक्कर देत होता. मी त्याच्या धंद्यातला फार लहान माणूस आहे. पण नमन करून बोलायला उभं राहायचं, ही रीत मला त्याच्याकडून आलेली आहे असं मी समजतो.

आता थोडं माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावी कविसंमेलनाला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. उद्घाटन नांदीनं होणार होतं. मी दाराशी पोचलो तेव्हा एक तरुण कार्यकर्ता लगबगीनं पुढं आला आणि अगदी आदरानं म्हणाला, ‘सर, आधी नांदी आहे. देवाची आहे. तुम्हाला अवघड वाटायला नको. ती झाल्यावर या, मी बोलवायला येतो.’ त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला. मी काहीच बोललो नाही. बाहेर व्हरांड्यात चहाचा कप हातात धरून बसलो. आत ऑर्गन वाजला, नांदी सुरू झाली. बंद दारातून ती ऐकताना माझ्या ध्यानात आलं, की माझे ओठ हलतायत. शब्द न् शब्द मला पाठ होता. अब्बांच्या मशीनच्या लयीसकट पाठ होता. चहा निवून गेला.

दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. याआधी आमच्याच नात्यातल्या एकानं मला विचारलं होतं, ‘तू उभा राहतोस त्या नांदीला?’ त्याच्याही बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणजे एकानं मला दाराबाहेर बसवलं माझ्याच भल्यासाठी, आणि दुसऱ्यानं आत जाऊ नको म्हटलं तेही माझ्याच भल्यासाठी. दोघांपैकी कुणालाही मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

माझी प्रार्थना कुणाला करायची ते माझं मला ठाऊक आहे, तिच्या वेळा ठरलेल्या आहेत. नाटकाची नांदी ही आम्हा कलेच्या माणसांची गोष्ट आहे. जमलेल्या लोकांपुढं काही करून दाखवण्याआधी नम्र व्हायचं, आपल्याआधी होऊन गेलेल्यांची आठवण ठेवायची आणि समोरच्यांचं भलं चिंतायचं, एवढा तिचा गाभा मी समजतो. अमानतनं इंद्राची सभा लिहिली म्हणून तो कमी मुसलमान झाला नाही. थिरकवांची नमाज तबल्यानं चुकली नाही. गोल्डमार्क शकुंतलेचं वाजवून ज्यूच राहिला. आणि त्यांच्यापैकी कुणी ‘नांदी झाल्यावर येतो’ म्हणून व्हरांड्यात बसला असता, तर आत नांदी कुणी वाजवली असती?

मध्यंतरी नांदीलाच वाईट दिवस आले होते. 1930 नंतर वास्तववादी नाटक आलं. दिवाणखाना, टेलिफोन, सोफा. दिवाणखान्यात हात जोडून रांगेत कोण उभं राहणार? बोलपटांनी संगीत नाटक मंडळ्या मोडल्या. तरी नांदी गेली नाही. ध्वनिमुद्रिकेवर राहिली, रेडिओवर राहिली, नाट्यसंमेलनाच्या पहिल्या दिवशी राहिली. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ झालं तेव्हा ती नव्या वेषात परत आली. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. सुरुवातीलाच नाचणारा गणपती आणि माणसांचीच भिंत. त्या भिंतीत हसत-गात उभी असलेली माणसंच पुढं काय काय लपवणार, हे त्या नमनातच दिसतं. पुन्हा तेच, कथेचं बीज. शूबर्टच्या नांदीसारखी आपली नांदीही घर बदलत जगली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी सकाळी कागलहून निघालो. या वेळी एसटी वेळेवर पोचली. खासबागेजवळ माणसं नुसती उभी होती. जुने नट, तबलजी, पडदे ओढणारे, चहावाले, पैलवान. दगडी भिंती दिसत होत्या आणि आत जिथं रंगमंच होता तिथं आभाळ दिसत होतं. ज्या जागी मी नववीत असताना नटांची रांग उभी पाहिली, तिथून धूर निघत होता. धुपाची आठवण यावी असा तो धूर नव्हता. गर्दीत कोण हिंदू, कोण मुसलमान हे कुणी पाहत नव्हतं. रडणाऱ्याच्या खांद्यावर जो जवळ असेल तो हात ठेवत होता. माझ्या मनात नकळत नांदी सुरू झाली. आग विझल्यावर नांदी म्हणावी का, याला शास्त्रात काही आधार आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसरं काही तोंडात येईना.

पुढं ते नाट्यगृह पुन्हा उभारायचं ठरलं, सरकारनं निधी दिला, काम हाती घेतलं गेलं. दगड, लाकूड, छप्पर यांचं काम जाणकार करतात. आपल्या वाट्याला एक वेगळं काम येतं, आणि ते शब्दाचं आहे. ‘नांदी’ आणि ‘नांदणं’ हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूतून आले, नंद म्हणजे आनंदानं असणं. मुलगी सासरी जाताना आपण तिला सुखानं नांद म्हणतो. एका घरात, एका गल्लीत, एका गावात नांदायचं, त्याची सुरुवात म्हणजे नांदी. मग ‘दंगलीची नांदी’ असं आपण लिहितो तरी कसं? दंगलीला नांदी नसते. दंगल होते ती नांदणं संपल्यावर.

माझे सर आता हयात नाहीत, अब्बाही नाहीत. सरांनी मला नांदीसाठी पळायला शिकवलं आणि अब्बांनी ती लयीत ऐकायला. त्या दोघांना स्मरून एवढंच मागतो, की कोल्हापूरला असो, कागलला असो, की आणखी कुठल्या गावी, तिसऱ्या घंटेच्या वेळी दार उघडं असावं. उशीर झालेल्याला ‘पळ, नांदी चुकेल’ म्हणणारं कुणीतरी तिथं असावं. ‘नांदी झाल्यावर या’ असं मात्र कुणी कुणाला म्हणू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)